पितळी पुंगळी आणि काटकसरीचे माप
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. विद्वत्तेचा विषय आमच्यापाशी नाही. उमेदीची सारी वर्षे आम्ही लष्करात बंदुका व पिस्तुले दुरुस्त करण्यात घालविली; पलटणीत ज्याला आर्मरर म्हणतात तो आमचा हुद्दा. तेव्हा हातांना जे ठाऊक आहे तेच तोंडाने सांगावे, असा विचार करून आम्ही येथे उभे आहोत.

विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो आपल्यापैकीच काहींनी आमच्या पुढ्यात आणून ठेवला. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण लष्करातून निवृत्त होऊन नांदेड व लातूर येथील बँकांत, गोदामांत पहाऱ्याची नोकरी करतात. त्यांच्यापाशी परवान्याची बंदूक, क्वचित बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. त्यांच्यातील एकाने आम्हांस विचारले, “काका, काडतूस महाग झाले. सराव करावा तर खिसा रिकामा होतो. उडालेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरता येणार नाहीत का?” त्याच आठवड्यात एका भगिनीचा निरोप आला. यजमान वारले, जुन्या माडीच्या कोनाड्यात पितळी पुंगळ्यांची पिशवी आणि काळ्या दारूचा एक डबा सापडला. याचे काय करावे? प्रश्न दोन दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि उत्तरही एकच. तेच आज सविस्तर मांडतो.

काडतूस घरी भरणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, तिचा प्रत्येक बार हा हातानेच भरावा लागतो. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासणे आणि शेवटी टोपी. हरभऱ्यात रानडुकरे शिरली की मचाणावर बसलेला राखणदार हे सारे अंधारात करीत असे. पुढे मागून भरण्याची बारा बोअरची बंदूक आली आणि तिच्याबरोबर पितळी काडतूस आले. पुठ्ठ्याचे काडतूस लवकर निकामी होते. पितळेचे मात्र जपून वापरले तर पुन्हा पुन्हा कामी येते. जुनी टोपी काढावयाची, नवी बसवावयाची, मापाने दारू घालावयाची, वर नमद्याची चकती, मग छर्रे, पुठ्ठ्याची चकती आणि कडेने मेण. एवढी कामगिरी घरातील जाणता पुरुष दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसून करी.

१९४७-४८ ची धामधूम आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिली. रझाकारांच्या भयाने गावे रात्री जागत असत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी फौजेने शरणागती पत्करली, मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे शस्त्रांची गरजही ओसरली. पण भरण्याची विद्या घराघरांत राहिली. खंडेनवमीला बंदूक पुसून पाटावर ठेवावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचे आणि शेजारी पितळी पुंगळ्या लखलखीत करून मांडावयाच्या, ही आमच्या लहानपणची पूजा. याच नांदेड नगरीत सचखंड हुजूरसाहेबांत दिवाळीपूर्वी तख्तस्नानाच्या दिवशी गोदावरीचे पाणी आणून जुनी शस्त्रे स्वच्छ केली जातात, हे आपण सारे जाणता. शस्त्राविषयी आदर ही या भूमीची रीत आहे. पण हळदकुंकू वाहिले की आदर पुरा झाला असे नव्हे. शस्त्राच्या अंगी कोणते सामर्थ्य आहे ते ओळखणे हा आदराचा खरा भाग होय. आमच्या घराला ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन कळली.

साल १९६१. आम्ही अकरा वर्षांचे होतो. औसा तालुक्यात आमची शेती होती. आमचे धाकटे चुलते, ज्यांना सारे आबा म्हणत, ते बंदूक भरण्यात पंचक्रोशीत वाकबगार. वेळूच्या कांड्याचे एक माप त्यांनी स्वतः कापून घेतले होते आणि त्या मापाने त्यांनी शेकडो काडतुसे भरली होती. त्या वर्षी घरातली काळी दारू संपली. कोणा ओळखीच्या माणसाने हैदराबादेहून दुसरी दारू आणून दिली. ती करड्या रंगाची, बारीक पापुद्र्यांची आणि चांगली कोरडी होती. वडिलांनी विचारले, “आबा, ही दारू निराळी दिसते.” आबा म्हणाले, “दादा, माप तेच आहे. मापात चूक होणार नाही.”

मापात चूक झालीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्वारीच्या कडेला त्यांनी चाप ओढला आणि बंदुकीची नळी खोलीपाशीच फुटली. डाव्या हाताचा अंगठा व दोन बोटे गेली. एक डोळा गेला. बैलगाडीतून लातूरला नेईपर्यंत रात्र झाली. आबा वाचले, तीस वर्षे जगले. पण पुढे त्यांना स्वतःचा फेटा स्वतः बांधता आला नाही. आमची काकू रोज सकाळी तो बांधून देई आणि ते मुकाट्याने बसून राहत. एवढे सारे कशासाठी? काडतुसामागे काही आण्यांच्या बचतीसाठी. आबा निष्काळजी नव्हते, हे आम्ही आवर्जून सांगतो. ते घरातले सर्वांत काळजीवाहू माणूस होते. माप अचूक होते. जिनसच दुसरी होती.

ते का घडले, हे आम्हांला पलटणीत गेल्यावर समजले. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ती धूर फार करते, पण तिचा जोर तुलनेने बेताचा. तिचे माप थोडे इकडेतिकडे झाले तरी जाड नळी ते सोसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बिनधुराची दारू निघाली; ती कापसासारख्या तंतूवर आम्लाची क्रिया करून बनवितात. तेवढ्याच आकारमानात तिच्यात कित्येक पट जोर असतो. शिवाय तिचा एक विलक्षण गुण आहे. उघड्यावर ती शांतपणे जळते; पण बंदिस्त जागेत दाब वाढला की तिचे जळणे वेगाने वाढते आणि वेग वाढला की दाब आणखी वाढतो. चुलीवरच्या भांड्याला घट्ट झाकण लावून त्याची वाफ कोंडावी, तसा हा प्रकार. फरक इतकाच की तो क्षणाच्या हजाराव्या भागात घडतो. काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूला लावणे म्हणजे तुरीचे माप घेऊन विष मोजणे होय. दोन्ही दारू डब्यात सारख्याच गरीब दिसतात.

आता पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचा विचार करू, कारण आजच्या पहारेकऱ्याचा प्रश्न त्यांविषयीच आहे. त्यांचे काडतूस बोटाच्या पेराएवढे. त्यात दारू इतकी थोडी लागते की ती पुंगळीच्या तळाशीच राहते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही आणि भरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. दुप्पट दारू पडली तर हातातले शस्त्र फुटते. उलट दारू पडावयाचीच राहिली तर आणखी कपटी प्रकार घडतो. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी निघते आणि नळीत अडकून बसते. चापाचा आवाज हलका झाला म्हणून माणूस पुन्हा चाप ओढतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते अथवा फाटते. म्हणून नेम मारताना आवाज नेहमीपेक्षा मंद आला तर तत्क्षणी थांबावे, शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून ते रिकामे करावे आणि नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही हे पाहिल्यावाचून पुढचा बार करू नये. विकतच्या काडतुसाच्या बाबतीतही हा नियम लागू आहे.

पुंगळीचेही तसेच. पितळ प्रत्येक बाराला ताणले जाते, पुन्हा दाबून मापात आणले जाते आणि दर वेळी थोडे अधिक कठीण व ठिसूळ होते. शेवटी तोंडाशी अथवा बुडाशी केसाएवढी चीर पडते. ती नुसत्या डोळ्यास दिसतेच असे नाही.

काही मंडळी म्हणतील, परदेशात तर लोक घरोघरी काडतुसे भरतात. ते खरे आहे. आमचा एक भाचा अमेरिकेत टेक्सास प्रांतात असतो. त्याच्याकडे गेलो असता त्याने मोटारीच्या खोलीतले आपले मेज आम्हांस दाखविले. तेथे हा छंद कायदेशीर आहे आणि त्यासाठी लागणारी हत्यारे दुकानात मिळतात. मेजावर दारूचा एका वेळी एकच डबा, तोही कारखान्याच्या चिठ्ठीसह. शेजारी दारू तोलण्याचा काटा, आणि दारू व गोळीच्या उत्पादकांनी प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले पुस्तक. त्या पुस्तकात ज्या दारूचे नाव नाही ती दारू तो वापरीत नाही. कामाच्या वेळी डोळ्यांवर चष्मा असतो. विडी नाही, गप्पा नाहीत, दूरचित्रवाणी नाही. पुंगळ्या तपासणे, धुणे, मापात दाबणे, टोपी बसविणे, दारू तोलणे, मग साऱ्या पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या करून विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावणे, गोळी बसविणे, लांबी मोजणे आणि डबीवर तारीख व तपशील लिहिणे. एखाद्या पुंगळीविषयी किंचित शंका आली की ती चेपून फेकून द्यावयाची. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तो पाण्याच्या पेल्यालाही शिवत नसे, कारण शिसे अंगात साठते आणि लहान मुलांना तर अधिकच बाधते.

आम्ही त्यास सरळ विचारले, “यात पैसा वाचतो का?” तो हसून म्हणाला, “मामा, मी महिन्याला शेकडो बार करतो म्हणून वाचतो. काडतुसात सर्वांत महाग वस्तू पितळेची पुंगळी. ती मला फुकट परत मिळते. पण काटा, दाबयंत्र, साचे यांचा खर्च आधी भरून निघावा लागतो. वर्षाला दहा-वीस बार करणाऱ्याने यात पडू नये.”

बंधूंनो, आपल्या पहारेकऱ्याचे गणित हेच आहे. त्याला वर्षाकाठी मोजके बार करावयाचे असतात. हत्यारांचा खर्च त्याच्या जन्मात फिटणार नाही. आणि हत्यारांवाचून, काट्यावाचून, पुस्तकावाचून भरावयाचे म्हटले तर तो थेट आबांच्या वेळूच्या मापापाशी येतो. म्हणजे जेथे ही काटकसर सुरक्षित आहे तेथे ती स्वस्त नाही, आणि जेथे ती स्वस्त आहे तेथे ती सुरक्षित नाही. बावीस बोअरच्या काडतुसाची तर गोष्टच नको. त्यात टोपी निराळी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि एकदा आघाताने कड चेपली की ती पुंगळी घरी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.

आता कायद्याचे सांगतो. १८७८ चा जुना शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्या अधिनियमाच्या कलम ५ अन्वये शस्त्रे व दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. आपल्यापाशी असतो तो शस्त्र बाळगण्याचा परवाना, काडतुसे बनविण्याचा नव्हे. इतकेच काय, काडतुसांचे सुटे भाग आणि काडतुसे बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही अधिनियमाच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ या शब्दातच समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आहे. ठासणीच्या बंदुकीचा बार भरणे ही निराळी बाब. पीकरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमात आहे. पण तिच्या मालकानेही परवान्यातील अटींपलीकडे जाऊ नये, बार उडताच नळीत ठिणगी असेल हे जाणून लगेच दारू ओतू नये, आणि भरताना नळीच्या तोंडावर कदापि वाकू नये.

मग काटकसर करावयाची तरी कशी? आमच्या अनुभवाचे चार मार्ग सांगतो.

पहिला मार्ग, काडतूस कारखान्याचेच घ्यावे. ते अधिकृत दुकानातूनच आणि पावतीसहच घ्यावे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे तेथेच बनत आली आहेत. अशा ठिकाणी प्रत्येक खेपेतील नमुने उडवून दाब तपासला जातो. काडतुसाच्या किमतीत ही तपासणी आलेली असते. आपण ती घरी करू शकत नाही.

दुसरा मार्ग, विकत घेतलेले काडतूस वाया जाऊ देऊ नये. ओल, ऊन आणि तेल हे त्याचे तीन शत्रू. धाब्याच्या घरात पावसाळ्यात भिंती पाझरतात. म्हणून काडतुसे भिंतीपासून दूर, कोरड्या डब्यात, शस्त्रापासून निराळ्या कुलपात ठेवावीत. जी आधी घेतली ती आधी वापरावीत. हिरवट डाग पडलेले, चेपलेले अथवा गोळी सैल झालेले काडतूस वापरू नये.

तिसरा मार्ग, रिकाम्या शस्त्राचा सराव. नेमबाजीचे बहुतेक शिक्षण काडतुसावाचून होते. शस्त्र दोनदा उघडून रिकामे असल्याची खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, पक्क्या भिंतीकडे तोंड करावे आणि उभे राहणे, श्वास रोखणे, चाप हलकेच ओढणे यांचा रोज पंधरा मिनिटे अभ्यास करावा. पलटणीत आम्ही नव्या जवानांकडून महिनोन्महिने हेच करून घेत असू. यास एक पैसा लागत नाही.

चौथा मार्ग आपल्या मुलामुलींसाठी आहे. हवेच्या पिस्तुलाने दहा मीटरवरून नेम मारण्याचा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. त्याचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्यात दारू नाही, धूर नाही, पुंगळी नाही. ठरावीक मर्यादेतील हवेच्या शस्त्रास परवानाही लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे रायफलीत ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. कोल्हापूरला जे साधले ते नांदेड-लातूरला का साधू नये?

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो. तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अशी घरे आपल्यात आणखीही असतील. ताई, तो डबा उघडू नका, हलवू नका, उन्हात वाळवू नका, चुलीत अथवा उकिरड्यावर टाकू नका. काळ्या दारूला ठिणगी पुरते. जुन्या टोप्या ठोकून पाहण्याचा मोह मुलांना होतो. त्यांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. नजीकच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोहोच घ्या. परवानाधारक निवर्तल्यावर त्याचे शस्त्र व काडतुसे घरात ठेवून घेण्याचा अधिकार वारसास आपोआप मिळत नाही. कलम २१ अन्वये ती विनाविलंब ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. शस्त्र जमा केल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. रीतसर अर्ज करता येतो. बंदूक ही वडिलांची आठवण खरी, पण ती आठवण सरकारी पावतीसह सुरक्षित राहते. कोनाड्यात ती नातवाच्या हाताची वाट पाहत बसते.

शेवटी संस्थेस आमची दोन नम्र निवेदने आहेत. एक, दर वर्षी खंडेनवमीपूर्वी परवानाधारक कुटुंबांची एक दिवसाची बैठक भरवावी. तीत परवान्याची मुदत, शस्त्राची निगा, जुन्या पुंगळ्या व दारू यांचा निकाल आणि वारसांचे अर्ज यांबाबत साहाय्य द्यावे; आमचे हात चालतात तोवर आम्ही विनामूल्य येऊ. दुसरे, आपल्या ज्ञातीच्या लग्नांत बार काढण्याची प्रथा जेथे कोठे उरली असेल तेथे ती आज बंद झाल्याचा ठराव करावा. २०१९ पासून कायद्याने अशा बारास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, सांगितले आहेत. पण कायद्याच्या धाकापेक्षा मांडवातल्या लेकराच्या जिवासाठी तो ठराव व्हावा.

आबांचे ते वेळूचे माप अद्याप आमच्या घरी आहे. आम्ही ते फेकले नाही. खंडेनवमीच्या पाटावर बंदूक आता नसते, ती वडिलांच्या पश्चात रीतसर जमा झाली. पण ते माप आम्ही मांडतो आणि नातवंडांना सांगतो की, याच्यात कधीही चूक नव्हती. काटकसर हा आपल्या ज्ञातीचा गुण आहे, तो असाच राहो. परंतु ज्या पैशाच्या बदल्यात हात, डोळा आणि घरच्या माणसाचे सुख तारण ठेवावे लागते, तो पैसा वाचला असे म्हणू नये.